मुलुंड केंद्राकडून उत्तर

रवि. ११ जाने.

डाव तीनला सुरू, सहाला संपला. गाळ्यात खुर्च्या चार, त्यातल्या धड तीन. डगमगणारी माझी, कारण खेळ मी चालवतो. पाठ गेली.

मुलुंडचं पत्र वाचलं. वैशालीने फ्लॉपी घातली, नेहमीप्रमाणे आधी डिस्कवर काय काय आहे त्याची यादी पडद्यावर आणली, मग पत्र उघडलं. हिरवी अक्षरं, एकेक ओळ. मुलुंडवाल्यांकडे पिण्याचं पाणी आठ दिवसांचं उरलंय, तलावाकडची भिंत खचलीय, माणसं आजारी, औषधं पाठवा. पाटकरकाका खेळात डॉक्टर आहेत. त्यांनी चष्मा चढवून लगेच औषधांची यादी करायला घेतली. फरहान खेळात भंगारवाला आणि खऱ्या आयुष्यात भरतकामाच्या मशीनवाला. म्हणाला, "पंप मी देतो. पण तो उचलून पुलावरून चालणार कोण? काका?" काका म्हणाले, "तुझो बापूस चलतलो." सगळे हसले. मीही हसलो.

भिंत काल मीच खचवली होती. पाणीही मीच संपवलं. मुलुंडमध्ये कुणी नाही.

हे कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून ही वही काढली. बोलायला माणूस नाही. जे आहेत त्यांच्याशीच तर खोटं बोलतोय.

मंगळ. १३ जाने.

दिवसभर फरहानच्या गल्लीत. दोन मशीन बंद. या जुन्या मशीनला फ्लॉपी घातल्याशिवाय नक्षी कळत नाही, आणि फ्लॉपी ड्राइव्ह दुरुस्त करणारा साकीनाक्यात बहुतेक मी एकटाच उरलोय. एक शेठ म्हणाले, "सुधीरभाऊ, तुम्ही गेलात की आमचं कसं व्हायचं?" म्हटलं, काळजी नको, मशीन आधी जातील.

सुरुवातीपासून लिहितो. म्हणजे नंतर मलाच फिरवाफिरव करता येणार नाही.

मिलिंद आणि मी नव्वदच्या दशकात एका टेलिफोन लाइनवर बुलेटिन बोर्ड चालवायचो. लोक घरच्या कॉम्प्युटरवरून मोडेमने फोन लावायचे, निरोप ठेवायचे, दुसऱ्यांचे वाचायचे. एका वेळी एकच जण, बाकीच्यांना एंगेज. इंटरनेट आलं आणि बोर्डावर आम्ही दोघंच उरलो. बऱ्याच वर्षांनी मि. ने हा खेळ काढला. फासे, कागद, नकाशा आणि एकेक जुनं मशीन. मोठं पाणी आलंय, मुंबई बुडालीय, मोबाइल-बिबाइल सगळं संपलंय. वाचलंय फक्त जुनं लोखंड, कारण त्याला चालायला बाहेरच्या कुणाची गरज नव्हती. वस्त्या एकमेकींना फ्लॉपीवर पत्रं पाठवतात, माणसं ती मेट्रोच्या पुलावरून चालत नेतात. अंधेरीचं टेबल माझ्याकडे, मुलुंडचं मि.कडे. नियम दोन. टेबलांनी एकमेकांना भेटायचं नाही, फोन नाही, नावंसुद्धा सांगायची नाहीत. फक्त 'अंधेरी केंद्र' आणि 'मुलुंड केंद्र'. आणि फ्लॉपी खरोखर खराब निघाली तर ते पत्र गेलं, दुसरी प्रत मागायची नाही. दर शनिवारी आम्ही दोघं घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याखाली फ्लॉप्या बदलायचो, चहा प्यायचो, घरी जायचो.

तीन वर्षं चाललं. गणपतीनंतर एकदा चहा पिता पिता मि. म्हणाला, "माझं टेबल मोडलं रे. एक बंगळुरूला गेली, एकाला जुळी झाली. मीही दमलोय. तू तुझ्या लोकांना सांगून टाक."

सांगणारच होतो. पण त्या रविवारी काका अँजिओनंतर पहिल्यांदा आले होते, फरहानने घरून बिर्याणी आणली होती, आणि वैशालीने मशीन चालू करून विचारलं, "मुलुंडचं आलं का?" मी म्हटलं, या आठवड्यात वाट बंद होती. पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी पत्र तयार होतं.

शनि. १७ जाने.

मुलुंडचं पत्र लिहिलं. गाळ्यात, डावाच्याच मशीनवर. अडीच तास. इकडून विचारणार मीच, तिकडून उत्तर देणार मीच. एकट्याने कॅरम खेळायचा, आणि वर हरल्याचं दुःख करायचं.

मुलुंडसारखं लिहिणं सोपं नाही. मि.च्या मशीनमधला घड्याळाचा सेल गळून गेलेला, त्याने तो कधी बदलला नाही. त्यामुळे चालू केलं की मशीनच्या लेखी दरवेळी १ जानेवारी १९८०. आधी आम्ही थट्टा करायचो, मग मुलुंडवाल्यांनी त्याचा रिवाजच करून टाकला. प्रत्येक पत्राची सुरुवात 'नवीन वर्षाच्या शुभेच्छा'. त्यांच्याकडे काळ पुढे जातच नाही. हा रिवाज मी एकदाही चुकवलेला नाही. लांब वाक्यं, कोट्या नाहीत, सगळ्यांची विचारपूस, शेवटी जेवायला काय होतं ते. आज मुगाची खिचडी लिहिली.

गंमत अशी की लिहायला बसलो की मुलुंडवाला माझ्यापेक्षा बरा माणूस निघतो. माझ्या तोंडून जे येत नाही ते त्याच्या तोंडून सहज येतं.

रवि. १८ जाने.

काकांनी बॉम्ब टाकला. "गुडघ्याचा ऑपरेशन मार्चात आसा. त्याआधी मुलुंडवाल्यांक भेटूचा आसा. खेळात नाय, खरोखर. नियम गेलो खड्ड्यात." फरहान लगेच, "झकास! माझा साडू राहतो मुलुंडला, त्याच्याकडे जेवू." वै. फ्लॉपीचं लेबल नीट चिकटवत बसली. मी 'बघू' म्हटलं. हल्ली मी फार वेळा 'बघू' म्हणतो.

निघायच्या आधी वै. ने जाणाऱ्या फ्लॉपीवर पत्र टाइप केलं. ती आमची ऑपरेटर. शाळेच्या ऑफिसात आयुष्य गेलं, बोटांकडे न बघता टाइप करते. सगळे गेल्यावर वाचलं. वर खेळातलं होतं. खाली तीन ओळी मोकळ्या सोडून:

"हे खेळातलं नाही. आमची बिल्डिंग एप्रिलमध्ये रिकामी करायची आहे, पाडून नवीन बांधणार. भाऊ-वहिनी ठाण्याला भाड्याने जात आहेत. आई देवगडला एकटी असते, तिला आता नीट दिसत नाही. मला लवकर निवृत्ती घेऊन कायमचं गावी जाता येईल. अर्ज फेब्रुवारीअखेर द्यायचा. एकदा गेले की परत येणं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला विचारते. जाऊ का?"

तीनदा वाचलं. यातलं अवाक्षर तिने मला सांगितलेलं नाही. दर रविवारी माझ्यापासून दोन हातांवर बसते.

बुध. २१ जाने.

मि.ला फोन केला. शनिवारचा चहा बंद झाल्यापासून पहिलाच.

"तुझ्याकडे मुलुंड केंद्र म्हणून कोण लिहायचं रे?"

"गौरी. बंगळुरूला गेली ती. का?"

सांगितलं सगळं. आधी हसला. मग एकदम म्हणाला, "तू अजून चालवतोयस? एकटा?"

"हो."

"येड्या, सांगून टाक ना."

"तू सांगायचं होतंस. तुझं टेबल होतं."

"माझं मी बंद केलं. उघडं तू ठेवलंस."

फोन ठेवून दिला. खरं बोलला म्हणून जास्त राग आला. गौरीचा नंबर मागून तिलाच विचारावं असंही एकदा मनात आलं. पण ती काय सांगणार? एका खेळात कधीतरी पत्रं लिहायची, तिला देवगडची आई कुठली ठाऊक.

शनि. २४ जाने.

पहिला खर्डा: "निर्णय तुमचा तुम्हीच घ्यायला हवा." पुसला. सरकारी कचेरीतून आल्यासारखा वाटला.

दुसरा: "जा. आईला तुमची गरज आहे." पुसला. खरं तर हाच बरोबर होता.

तिसरा राहिला. "नवीन वर्षाच्या शुभेच्छा. जाऊ नका. आईला इकडे आणा. तुमच्याशिवाय अंधेरी केंद्र चालायचं नाही. तुम्ही मशीनसमोर नसलात तर आम्ही पत्रं लिहायची कुणाला? इथे आज पिठलं-भात. तुम्ही जेवलात का?"

फ्लॉपीला लेबल लावलं. घरी जाऊन न जेवता पडलो.

रवि. २५ जाने.

वरचा भाग तिने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. खालचा मनात. मी नकाशाची घडी घालत होतो, दोनदा चुकली. तिने पडद्यावरची अक्षरं पुसली आणि काकांना म्हणाली, "औषधं पोचली म्हणतायत." काका खूश.

निघताना चपला घालता घालता मला म्हणाली, "आईला मुंबईत दम लागतो. मागे आणलं होतं तर चार दिवसांत परत न्यावं लागलं."

"हे काय मध्येच?" मी.

"काही नाही. सहज."

गुरु. २९ जाने.

वै.चा फोन, मधल्या सुट्टीत. मागे पोरांचा कल्ला. तिने सगळं सांगितलं, बिल्डिंग, आई, अर्ज, आणि मी पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवलं. अर्ज भरून तयार आहे, पण टेबलाच्या खणात ठेवलाय.

"का?"

"एकाला विचारलं होतं. तो थांब म्हणतोय."

"कुणाला?" विचारलं मी! तोंड वर करून विचारलं.

"आहे एक," म्हणाली.

म्हणजे तिकडे एक म्हातारी बाई भिंत चाचपडत स्वयंपाकघरात जाणार, आणि तिची मुलगी इथे थांबणार, कारण मला रविवारचे तीन तास हवेत. स्वतःची किळस आली. याला दुसरा शब्द नाही.

रवि. १ फेब्रु.

सांगितलं.

काका तारीख घेऊनच आले होते, पंधराला मुलुंड. फरहानने साडूला जेवणाचं सांगूनसुद्धा टाकलं होतं. मी मशीन चालू करू दिलं नाही. म्हटलं, मुलुंड नाहीये. गणपतीनंतर त्यांचं टेबल बंद झालं. तेव्हापासूनची पत्रं मी लिहिली.

फरहानला आधी ते खेळातलंच वाटलं. "कसे मेले? पाण्याने?" मग लक्षात आलं. "मतलब तो पंप मी तुलाच पाठवला? भाई, त्या पंपापायी मी तीन रविवार फासे टाकले! एक हात गेला माझा!" खेळातला हात. पण चिडला तो खराखुरा.

काका म्हणाले, "माका फसवलंस ता ठीक. पण औषधां पोचली म्हणून मी घराक जावन बायलेक सांगलंय रे." आणि खाली बघत बसले. फरहानच्या ओरडण्यापेक्षा ते जास्त लागलं.

वै. "मला माहीत होतं," म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्याच पत्रापासून. मुलुंडच्या फाइलवर तारीख कायम एक जानेवारी ऐंशीची यायची. एका रविवारी डिस्कची यादी काढली तर बरोबर तारीख, आदल्या शनिवारची. आणि आत मात्र नवीन वर्षाच्या शुभेच्छा."

माझ्या मशीनमध्ये नवा सेल आहे. गाळ्यातल्या एकूण एक मशीनमध्ये आहे, बंद पडलेलं घड्याळ मला बघवत नाही. शुभेच्छा आठवणीने लिहीत राहिलो आणि फाइलवर तारीख आपोआप पडते हे विसरलो. तीस वर्षं हाच धंदा करून. हात दाखवून अवलक्षण.

"त्यांना नवा सेल मिळाला असेल असं नाही वाटलं?" फरहानने तिला विचारलं.

"एक आठवडा वाटलं," ती म्हणाली.

मग तिघंही गेले. साडेतीनसुद्धा वाजले नव्हते.

सोम. २ फेब्रु.

काल डोक्यात शिरलं नव्हतं, आज एका ड्राइव्हचं हेड साफ करताना शिरलं. तिला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणजे अठरा तारखेला 'जाऊ का' हे तिने मुलुंडला विचारलंच नव्हतं. मला विचारलं होतं. आणि मी मुलुंडच्या आडून म्हटलं, जाऊ नका.

ड्राइव्ह तसाच उघडा ठेवून खाली जाऊन उभा राहिलो.

थोडा रागही आहे. मी खोटा, कबूल. पण तीही इतके महिने समोर बसून गंमत बघत होती ना? फोन करावासा वाटला. केला नाही.

रवि. ८ फेब्रु.

कुणी आलं नाही. गाळा उघडून खुर्च्या पुसून बसलो, साडेचारला कुलूप लावलं. काल कित्येक महिन्यांनी मुलुंडसाठी काही लिहायचं नव्हतं. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नुसताच थकवा आहे, आणि आता त्याला कारणही नाही.

गुरु. १२ फेब्रु.

फरहानचं मशीन पुन्हा बंद. गेलो. काम झाल्यावर त्याने चहा मागवला, म्हणजे राग उतरला असावा. म्हणाला, "साडूला सांगितलं प्रोग्राम कॅन्सल. तो विचारतो का? काय सांगू त्याला, माणसंच नव्हती?" मग बशीत चहा ओतत, "खेळ बंद नको करू यार. रविवारी घरी दिसलो की सासरचे बोलावतात."

काकांशी त्याचं बोलणं झालंय, येतील म्हणे. वै.चं मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, "तिला फोन तू कर. आम्ही कशाला मध्ये पडू?"

रवि. १५ फेब्रु.

काका आणि फरहान आले. वै. नाही.

खेळात आता मुलुंड गप्प आहे. दोघांनी ठरवलं, जाऊन बघायचं. फरहान एका हाताने, काका काठी टेकत, पुलावरून घाटकोपरपर्यंत, पुढे होडीने. तिथे काय दिसतं ते सांगायचं काम माझं. म्हटलं, मशीन चालू आहे, खोलीत कुणी नाही. एवढंच. काकांनी मुठीतले फासे खाली ठेवले. "मशीन चालू ठेवन लोक जातत काय?" म्हणाले. "हयसर कोणीतरी बसूक व्हया." आणि स्वतःचा डॉक्टर त्यांनी मुलुंडला ठेवून दिला. परत यायला नकार. फरहान एकटाच परत निघाला.

सहा वाजता वै.ला फोन केला शेवटी. उचलला नाही.

रवि. २२ फेब्रु.

वै. आली. दोन वाजता, डावाच्या आधी. माझ्या डगमगत्या खुर्चीवर बसली.

"इतके महिने बोलली का नाहीस?" मीच आधी. चोराच्या उलट्या बोंबा.

"तू सांगशील म्हणून थांबले. मग सवय लागली. तो मुलुंडवाला बरं लिहायचा रे. जेवलात का विचारायचा. तू तीन वर्षांत एकदा तरी विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

"शुक्रवारी अर्जाचा शेवटचा दिवस. मुलुंडचं उत्तर मिळालं मला. आता तुझं दे."

लिहून देऊ का म्हटलं. "नको. तोंडाने."

बाजूच्या गाळ्यात कुणीतरी पत्रा कापत होतं. ते थांबेपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो ते आठवेल तसं लिहितो. म्हटलं, "तू आईकडे जायला हवं हे मला तेव्हाच कळलं होतं. तसं लिहिलंही, आणि पुसलं. जाऊ नका म्हटलं ते माझ्यासाठी. अंधेरी केंद्र वगैरे काही नाही. मला रविवारी तू समोर लागतेस. याला काय म्हणायचं ते या वयात शोधायचा कंटाळा आलाय मला. पण तेवढ्यासाठी तू राहू नकोस."

ती फासा बोटांत फिरवत होती. "मुलुंडपेक्षा वाईट बोलतोस," म्हणाली. "पण चालेल."

"म्हणजे जातेस?"

"शुक्रवार यायचाय अजून."

"गेलीस तर पत्र लिहीन. माझ्या नावाने."

"आत्ता हो म्हणशील. चार शनिवार जाऊ देत, मग बघू."

तेवढ्यात जिन्यावर काकांचा आणि फरहानचा आवाज आला. तिने उठून मला खुर्ची दिली, आपल्या जागी जाऊन मशीन चालू केलं. डाव झाला. काका मुलुंडहून हट्टाने पत्रं पाठवतात आणि ती वाचते. काकांना टाइप करायला अर्धा तास लागतो, तोवर आम्ही तिघं गप्प. चेहऱ्यावरून तिचं काहीच कळत नव्हतं.

सहाला निघाली. 'पुढच्या रविवारी भेटू' म्हणाली नाही. एरवी म्हणायची का, तेही मला नीट आठवत नाही.